अक्का, तुझी कूपनं आणि माझी मेस

अक्का, तुझ्या दहाव्याला बायका हसल्या. तू कपाळाला आठ्या घालायच्या आधीच सांगते, सुरुवात मी केली नव्हती.

कायगावला गोदावरीकाठचं सगळं आटोपून आम्ही दुपारी तुझ्या घरी परतलो होतो. हॉलमध्ये सतरंजी अंथरलेली. बिल्डिंगमधल्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि कुणालाच काय बोलावं ते सुचत नव्हतं. तुझा नवरा, आमचे दाजी, दाराजवळच्या खुर्चीत मान खाली घालून बसले होते. मी सगळ्यांना चहा दिला. दुसऱ्या मजल्यावरच्या नसरीन आपांनी एक घोट घेतला, कपाकडं बघितलं आणि अगदी हळू म्हणाल्या, "अक्का रहती तो पैले पूछती, ये पत्ती पूरे दाम में कायकू लाए?"

मग दाजी मान वर न करताच बोलले, "आन् बिल दाखवा म्हणली असती."

त्यावर असा हशा उसळला की समोरच्या बिल्डिंगमधली माणसं गॅलरीत येऊन बघायला लागली. दहाव्याच्या घरात हसतात म्हणून त्यांनी काय समजायचं ते समजू दे. हसता हसताच निम्म्याजणी रडायला लागल्या, ते वेगळं. पण मग एकेकीनं तुझी एकेक गोष्ट काढली आणि संध्याकाळपर्यंत कुणी उठलं नाही. तेव्हाच मी ठरवलं की तुला लिहायचं तर हेच लिहायचं. तू कुठं जन्मलीस, कधी लग्न झालं, मागं कोण कोण आहे, हे सगळं तुला माहीत आहे. ते तुलाच परत कशाला सांगू?

आपण दोघी वैजापूर तालुक्यातल्या कांद्याच्या वावरात वाढलो. अण्णा कांदा घेऊन वैजापूरच्या मार्केट यार्डात जायचे तेव्हा तुला बरोबर न्यायचे. मला न्यायचे नाहीत, कारण मी गाडीतच झोपून जायचे. व्यापाऱ्यानं भाव सांगितला की अण्णा तुझ्याकडं बघायचे आणि तू, फ्रॉक घातलेली पोरगी, ओठ बाहेर काढून मान हलवायचीस. व्यापारी हसायचा आणि थोडा वर सरकायचा. पुढं लग्न होऊन तू वाळूजला आलीस. काही वर्षांनी मीही लग्न होऊन तुझ्याच बिल्डिंगमध्ये आले. ती सवय तुझी तशीच होती. भाजीवाला आपल्या गल्लीत शिरला की आधी तुझ्या गॅलरीकडं बघायचा. तू दिसलीस तर पुढच्या गल्लीत जायचा.

म्हणून रस्त्यावर ते मोठं सुपरमार्केट उघडलं, आपण सगळे ज्याला मॉलच म्हणतो, तेव्हा तुला तिथं न्यायची मला धास्ती वाटत होती. आत गेल्यावर तू ट्रॉलीला हात लावीनास. "ह्याचं भाडं किती?" असं विचारलंस. फुकट असते म्हटल्यावर मात्र ती अशी धरलीस की बिल झाल्यावरही थेट रिक्षापर्यंत आणलीस. वॉचमन मागं पळत आला.

पण खरी गंमत त्याच्या आधी काउंटरवर झाली. तिथं प्रतीक्षा नावाची मुलगी बसली होती. तिनं रक्कम सांगितली. तू पदराला हात पुसलास आणि सरळ म्हणालीस, "एवढं सामान घेतलंय, वरचे सोडून दे की."

"मावशी, इथं भाव फिक्स असतो."

"फिक्स म्हंजी? कुणी केला फिक्स? त्याला बोलव."

मागं रांग खोळंबली होती. मी तुझा दंड ओढत होते. प्रतीक्षा मात्र चिडली नाही, उलट हसली. "मावशी, मला एक रुपया कमी करता येत नाही. पण पेपरात आमचं कूपन येतं ना, ते कापून आणा. मग मशीनच कमी करतं."

पैसे दिलेस, पिशव्या ट्रॉलीत ठेवल्यास. बाहेर उन्हात आल्यावर थांबलीस आणि मला म्हणालीस, "संगे, म्हंजी इथली घासाघीस घरी बसून करायची. कात्रीनं."

त्या दिवसापासून दाजींना अख्खा पेपर वाचायला मिळाला नाही. त्यांच्या हातात यायचा तो खिडक्या पाडलेला. एकदा ते सकाळी सकाळी ओरडले, "अगं, म्याच कोण जिंकली ते कुठंय?" तू स्वयंपाकघरातून उत्तर दिलंस, "ते मला काय ठावं? त्याच्या मागं साबण व्हता." दाजी उठून माझ्याकडं आले आणि आमचा पेपर मागून नेला. तर त्यातही तुझी कात्री आधीच फिरून गेली होती.

बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात तू कूपनं मुदतीप्रमाणं लावायचीस. आधी संपणारं वर. सगळ्या बिल्डिंगला तू सांगून ठेवलं होतंस की बिलाच्या मागचं काहीही फेकायचं नाही, साबणाच्या पाकिटात चिठ्ठी निघाली तर अक्काला दाखवायची. मोबाइलवर मेसेजमधून कोड यायला लागले तेव्हा मला वाटलं, आता तुझं थांबलं. तू तेही शिकलीस. प्रतीक्षाला मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून एकेक अक्षर मोठ्यानं वाचून दाखवायचीस आणि शेवटचा आकडा आला की सुटकेचा श्वास टाकायचीस. मागचे लोकही टाकायचे.

नसरीन आपांशी तुझी खरी ओळख या कूपनांनीच झाली, नाहीतर इतकी वर्षं जिन्यात नुसतं हसून पुढं जाणंच होतं. त्या एकदा मसाल्याचं कूपन घेऊन तुझ्या दारात आल्या. "अक्का, ये मेरे काम का नै, मैं तो घर में कूटती. तुम रख लो." तू त्यांना आत ओढलंस, डबा उघडलास आणि म्हणालीस, "मंग तुमी ह्या शेवयांचं न्या. ईद आलीच की." तिथून पुढं ईदेच्या आधी शेवया आणि खजुराची कूपनं वर आपांकडं जायची, दिवाळीच्या आधी रवा-बेसनाची खाली यायची. आणि कूपनांबरोबर वाट्याही जायच्या-यायच्या. शीरखुर्म्याची वाटी रिकामी परत द्यायची नाही म्हणून तू त्यात हुलग्याचे शेंगोळे घालून पाठवलेस तेव्हा आपांनी वर बोलावून विचारलं होतं, हे नक्की गोड आहे का तिखट.

आता आपलं भांडण. ते तू माझ्याबरोबर शेवटपर्यंत भांडलीस, तेव्हा ते लिहायलाच हवं.

मी म्हणायचे, अक्का, चार पैसे वाचवायला तू अर्धा दिवस घालवतेस. तू म्हणायचीस, "मंग दिवसाचं काय करू? डब्यात भरून ठिऊ?" मी म्हणायचे, स्वस्त मिळालं म्हणून नको असलेलं घेणं ही बचत नाही. त्यावर तू म्हणायचीस, "नको असलेलं असं काय नसतंय, संगे. आज नको असतंय." याच तत्त्वावर तू एकदा फरशी पुसायच्या औषधाच्या बाटल्या आणल्यास, दोनावर एक, आणि एवढ्या आणल्यास की पलंगाखाली झाडू जाईना. पुढं संक्रांत आली. हळदीकुंकवाला कुणी वाण म्हणून वाटी देतं, कुणी कंगवा देतं. तू प्रत्येकीच्या ओटीत फरशी पुसायची बाटली घातलीस. वरून तिळगूळ. बायकांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. पण अक्का, हेही सांगते, त्या महिन्यात आपल्या बिल्डिंगचा जिना जो चमकला तो त्याआधी आणि त्यानंतर कधीच चमकला नाही. मी त्या जिन्यावरून घसरले, तरी तू म्हणालीस, "बघ, माल चांगला हाय."

मग माझ्या नवऱ्याचं कंपनीतलं कंत्राट संपलं.

पुन्हा बोलावणं येईल म्हणून आम्ही वाट बघत राहिलो. सकाळी शिफ्टच्या बसचा हॉर्न वाजला की ते दचकून उठून बसायचे, मग आठवलं की पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडायचे. घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. तू रोज यायचीस पण विचारायची नाहीस. एक दिवस आमच्याकडं जेवलीस, आमटीचा भुरका मारलास आणि वाटी खाली न ठेवताच म्हणालीस, "संगे, आपल्या गल्लीत बाहेरगावची किती पोरं राहतेत. दिवसभर राबतेत, सांच्याला वडापाव खाऊन झोपतेत. तू त्यांना जेवू घाल."

"फुकट?"

"फुकट कशाला? मेस काढ. ही आमटी घरातल्या घरात संपवायची हाय का?"

माझ्या नवऱ्यानं तेव्हा पहिल्यांदा भिंतीकडून इकडं तोंड केलं.

खालच्या मजल्यावरची खोली मिळाली. मोठी पातेली तू आणि आपा मिळून कुठून कुठून जमवलीत. पोरं तयार झाली, सोमवारी संध्याकाळी जेवायला येणार म्हणून सांगून गेली. आणि सामानाचा हिशोब करायला बसले तर माझ्याजवळ होते ते पैसे तेल आणि डाळीतच संपत होते. तांदूळ, पीठ, गॅस, सगळं बाहेर राहत होतं. कुणापुढं हात पसरायचा नाही हे आपलं दोघींचं अण्णांपासूनचं. मी म्हटलं, राहू दे अक्का, पोरांना सांगते पुढच्या महिन्यात या.

तू उठून घरी गेलीस आणि डबा घेऊन आलीस. मॉलमध्ये तेलाच्या मोठ्या कॅनवर कूपन निघालं होतं, तूरडाळीवरही होतं, चांगली घसघशीत सूट. मुदत त्याच रविवारपर्यंत. पण खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की एका बिलाला एकेकच.

"बघ," मी म्हटलं, "एक कॅन येईल. एका कॅननं काय होतंय?"

"मंग बिलं वाढवू," तू म्हणालीस.

तू घराघरांत फिरलीस. ज्यांच्या पेपरातलं कूपन शाबूत होतं त्यांच्याकडून ते घेतलंस, आणि कूपनाबरोबर त्या घरची बाईही. रविवारी दुपारी आपली वरात निघाली. पुढं तू, मागं नसरीन आपा, मागं अख्खी बिल्डिंग. जिन्यातच मी प्रत्येकीच्या हातात मोजून पैसे दिले होते आणि प्रत्येकीला पाठ करून घेतलं होतं, एक तेलाचा कॅन, एक डाळीचं पाकीट. दाजींची दुसरी पाळी होती म्हणून ते सुटले. वाटेत बायका इतक्या सजून आल्यात हे बघून तू म्हणालीस, "लग्नाला चाललाव का तेल आणायला?" आपा म्हणाल्या, "दोनो."

मॉलमध्ये आपण ट्रॉल्या भरल्या, रांगेत उभ्या राहिलो, पहिला नंबर आपांचा. प्रतीक्षानं कूपन मशीनसमोर धरलं. मशीन काही बोललं नाही. तिनं पुसलं, पुन्हा धरलं. मग शेजारच्या काउंटरवरूनही ओरडा झाला. नेटवर्क गेलं होतं. रोखीचं बिल होत होतं, कूपन मात्र चढत नव्हतं.

आतून साहेब आले. तरुण माणूस, गळ्यात ओळखपत्र, घामाघूम. रविवारची गर्दी आणि मशीन बंद, बिचारा चारी बाजूंनी ओरडा खात होता. "ताई, आज कूपन होणार नाही. उद्या या."

"मुदत आजच संपते की," मी म्हटलं.

"माझ्या हातात नाही, ताई."

मला वाटलं आता तू त्याला धरतेस. मी कान बंद करायच्या तयारीत होते. पण तू त्याच्या तोंडाकडं नीट बघितलंस आणि विचारलंस, "जेवलास का?"

तो गोंधळला. "नाही अजून."

"मशीन सुरू होऊस्तोर आमी बाहेर पायऱ्यांवर बसतो. आमच्या ट्रॉल्या कुणाला हलवू देऊ नको. आन् फोन करायचा तिथं करत ऱ्हा."

आपण सगळ्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. तू घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणली होतीस. तेल आणायला चाललेली बाई शिदोरी घेऊन निघते हे मी तेव्हाच बघितलं. बायका खायला लागल्या, गप्पा रंगल्या, कुणीतरी उखाणे घ्यायला लावले. आपांनीही घेतला, त्यांच्या भाषेत, कुणाला नीट कळला नाही तरी सगळ्यांनी टाळ्या दिल्या. मी मात्र एका कडेला बसले होते. ऊन उतरायला लागलं होतं. सोमवारी पोरं ताट घेऊन बसतील आणि मी त्यांना काय वाढू, एवढंच डोक्यात. डोळ्यांत पाणी आलं ते मी पदरानं पुसत होते तर तू शेजारी येऊन बसलीस.

"कशाला रडायलीस?"

"होत नाही अक्का हे. घरी जाऊ."

"दुकान बंद झालं का?"

"नाही."

"मंग आत्ताच कशाला रडायलीस? बंद झाल्यावर दोघी मिळून रडू."

आणि माझ्या हातात दशमी दिलीस. ती मी खाल्ली. अक्का, त्यानंतर मी पुष्कळदा अडचणीत आले आणि दरवेळी मला ते वाक्य नाही आठवलं, त्या दशमीची चव आठवली. जरा जास्त मीठ पडलं होतं.

थोड्या वेळानं साहेब बाहेर आले. तू त्यांच्या हातावरही दशमी ठेवलीस. नको नको म्हणत त्यांनी उभ्या उभ्या खाल्ली, मग दुसरी मागून घेतली. ते म्हणाले, "मी वर बोललोय. आज कुठूनच होत नाहीय." तू म्हणालीस, "बरं. पाणी पी." बस, एवढंच. पाणी पिऊन ते आत गेले आणि पुन्हा फोनला लागले, ते काचेतून दिसत होतं. हात हलवून हलवून बोलत होते.

दिवे लागायच्या सुमारास प्रतीक्षा दारात आली आणि रस्त्यावर ऐकू जाईल असं ओरडली, "मावशी, या! चालू झालं!"

अशी पळापळ मी आयुष्यात बघितली नाही. एकीची चप्पल पायरीवर राहिली. आपांचं कूपन पहिलं. मशीननं टुक केलं आणि रक्कम खाली आली तशा सगळ्या जणी "आलं!" म्हणून ओरडल्या. पुढं प्रत्येक टुकला तेच. रांगेतली दुसरी माणसंसुद्धा शेवटी शेवटी आपल्याबरोबर ओरडत होती. साहेब कोपऱ्यात उभे राहून हसत होते. तुझा नंबर शेवटचा होता. तुझं बिल झाल्यावर प्रतीक्षानं मशीनवरचा हात काढला आणि दमलेली बोटं झटकली.

येताना रिक्षात कॅनच कॅन. तू मांडीवर एक, पायाखाली एक घेऊन बसली होतीस. रिक्षावाल्यानं आरशात बघून विचारलं, "कुणाचं लगीन हाय, मावशी?"

"माझ्या बहिणीच्या मेसचं," तू म्हणालीस.

सोमवारी सकाळी तू आलीस ती हातात मोठी स्टीलची पळी घेऊन. नवी कोरी, जड, लांब दांड्याची. गुलमंडीवरून आणली होतीस, शहरात जाऊन, एकटी. मी विचारलं, "केवढ्याला पडली?" तू म्हणालीस, "विचारलं नाय. सांगितले तेवढे दिले." मला खरं वाटलं नाही. कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवाल्याला दोन गल्ल्या मागं चालायला लावणारी तू! मी बघतच राहिले, तर तू डाफरलीस, "बघत काय राहिलीस? आमटी लागंल खाली."

त्या संध्याकाळी पोरं आली. पहिल्या पोरानं आमटी पुन्हा मागितली तेव्हा माझा नवरा आतून उठून आला आणि वाढायला उभा राहिला. त्यानंतर ते वाढणं सोडून बसलेच नाहीत. आता कुठलं पोरगं भात जास्त खातं आणि कुणाला घरची आठवण आली की जेवण जात नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. शिफ्टच्या बसचा हॉर्न वाजला की ते आता घड्याळ बघतात आणि म्हणतात, "आली बरं का पोरं, तवा ठेव." हे तू बघितलंस, अक्का. रोज संध्याकाळी खाली येऊन खुर्चीत बसून बघितलंस. तुझ्या तोंडावरचा तो भाव, यार्डात व्यापारी वर सरकला की असायचा तो, मी चुलीवरून तिरप्या नजरेनं बघायचे.

आणि तिथंच बसून तू दुसरं भांडण सुरू केलंस. म्हणे मेसचंही कूपन काढ. पंधरवडाभर नियमित जेवला की एक गोडाचं ताट वर. मी म्हटलं, मेस चालवू का अन्नछत्र? तू म्हणालीस, "पोरांना कायतरी जिंकल्यासारखं वाटू दे. कंपनीत दिवसभर कोण त्यांना काय जिंकू देतंय?" मी म्हटलं, मला परवडत नाही. तू म्हणालीस, "तुला मांडता येत नाय." मी चिडले. तू चिडलीस. दाजी मध्ये पडले तर आपण दोघींनी मिळून त्यांनाच गप्प केलं. पुढच्या दिवशी तू दुकानातून कूपनं छापायचा भाव विचारून आलीस. त्यावर आपण पुन्हा भांडलो.

हे सगळं असं चाललेलं असताना तुझ्या छातीत दुखलं. दवाखान्यात नेलं, डॉक्टर म्हणाले वेळेत आणलंत. तू सुधारत होतीस, हे मी तुला खोटं सांगत नव्हते, सगळेच तसं म्हणत होते. नर्सला तू विचारलंस की इथल्या औषधाच्या दुकानात कार्ड असतंय का, सूट मिळती का. ती बाहेर जाऊन हसली आणि दुसऱ्या नर्सला घेऊन आली, ऐका म्हणून. दाजींनी बिलाचा कागद हातात धरला की तू पडल्या पडल्या हात पुढं करायचीस. शेवटच्या संध्याकाळी मी डबा घेऊन आले तर मला आधी रागावलीस की स्पेशल रिक्षा करून कशाला आलीस, शेअर मिळत नव्हती का. मग म्हणालीस, "त्या मेसच्या कूपनाचं मी मनात जुळवलंय. घरी आल्यावर सांगते. तुझा तोटा नाय त्यात."

मी म्हटलं, "आधी घरी ये, मग भांडू."

तू म्हणालीस, "येतेच की."

पहाटे दाजींचा फोन आला.

काय जुळवलं होतंस ते मला माहीत नाही. मी डोकं खाजवून बघितलं, मला जुळत नाही. आणि एक सांगते, तू गेलीस म्हणून मी हरले असं समजू नकोस. कूपन मी अजून काढलेलं नाही, कारण मला ते अजूनही पटलेलं नाही. तुझ्या तेराव्याला पोरांना पुरणाचं जेवण वाढलं, ते वेगळं. त्यातला एक, तो उंच लातूरकडचा, पोळी हातात घेऊन रडला आणि म्हणाला, मावशी मला रोज विचारायच्या, आज पोटभर जेवलास का. मला हे माहीत नव्हतं. तू खुर्चीत बसून नुसती बघतेस असं मला वाटायचं.

आपल्यात आभार मानायची पद्धत नाही. मी एकदा पायऱ्यांवरच्या त्या दिवसाबद्दल काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं तर तू "बरं बरं, पीठ मळ" म्हणून उठून गेलीस. आता तुला उठून जाता येत नाही, म्हणून म्हणू का? नको. तू असतीस तर तुला आवडलं नसतं आणि नाहीस म्हणून मी त्याचा फायदा घेणार नाही. आपलं प्रेम आपण भांडूनच केलं, आणि मनापासून, मजेत केलं. माझ्या हिशोबानं त्यात काहीच देणं उरलेलं नाही. तुझ्या हिशोबानं उरलं असेल तर तुला मांडता येतं, मला नाही.

परवाचं सांगते आणि थांबते. आपल्या तळमजल्यावर नवीन जोडपं आलंय. चितेगावकडची मुलगी, कोमल, हळद उतरलेली नाही अजून. नवरा कंपनीत. तिनं दुपारी माझं दार वाजवलं. हातात पेपरातून कापलेला चौकोनी तुकडा, कडा वेड्यावाकड्या. "काकू, हे कसं वापरायचं? बिल्डिंगमधल्या बायका म्हणल्या तुम्हाला येतं."

मला येतं! मी हसायला लागले, ती बिचारी बावरली. मी चप्पल घातली आणि तिला घेऊन निघाले. प्रतीक्षानं मला बघितलं, माझ्या मागं बघितलं, आणि मग तिला कळलं. तिनं डोळे पुसले, कोमलचं कूपन घेतलं आणि कुठं धरायचं, कुठली तारीख आधी बघायची, सगळं तिला नीट दाखवलं. मशीननं टुक केलं तशी कोमल एवढी हसली की विचारू नकोस.

परतताना शेअर रिक्षात तिनं विचारलं, "काकू, तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

मी सांगायला लागले. वैजापूरच्या यार्डापासून सुरुवात केली. समोरच्या सीटवरची बाई ऐकायला लागली, तिचा नवरा ऐकायला लागला, मधला कॉलेजचा पोरगा कानातून वायर काढून बसला. मी हातवारे करत होते, तुझा आवाज काढत होते, दाजींचा काढत होते. बऱ्याच वेळानं बाहेर लक्ष गेलं तर आपली गल्ली कधीच मागं पडली होती. मी रिक्षावाल्याला ओरडले, "अहो, थांबवायचं नाही का?"

तो मागं वळून म्हणाला, "मावशी, मला वाटलं गोष्ट संपल्यावर उतराल."

आम्ही उतरलो. दोन्ही हातांत पिशव्या, डोक्यावर ऊन, आणि रस्ता भरपूर मागं चालायचा होता. कोमल म्हणाली, "मग पुढं काय झालं?"

गोष्ट अजून अर्ध्यावरच होती.